विद्येची परतीची वाट

शिक्षणाच्या प्रांतांत एखादें नवें साधन अवतरलें, म्हणजे त्याच्याविषयीं पहिला प्रश्न विचारला जातो तो हा, कीं हें किती जणांपर्यंत पोंचेल? टपाल आलें तेव्हां हा प्रश्न झाला. नभोवाणी आली, चित्रवाणी आली, उपग्रह आकाशांत चढला, तेव्हांहि हाच झाला. आज मोबाईल फोन शाळकरी मुलाच्या हातांत आला आहे, आणि त्याच्या कैवाऱ्यांचें बोलणें ऐकावें तर तेंहि याच मापानें चाललेलें आढळतें: इतके लाख विद्यार्थी, इतकीं हजार गांवें, दरडोई इतका खर्च. हा प्रश्न गैर आहे असें कोणी म्हणणार नाहीं. ज्या देशांत शाळेच्या दारापर्यंत जाणें हेंच पुष्कळांना दुर्घट होतें व कांहींना अजून आहे, तेथें पोंचण्याचा हिशेब मांडलाच पाहिजे. परंतु भिंतींबाहेर पडलेल्या विद्येचा गेल्या पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास चाळून पाहिला, तर या प्रश्नाच्या पाठीमागें दुसरा एक प्रश्न उभा असलेला दिसतो, आणि साधनाचें यशापयश बहुतेक वेळां त्यावरच ठरलेलें आढळतें. तो प्रश्न असा: धडा विद्यार्थ्यापर्यंत गेला हें खरें, पण विद्यार्थ्याचें उत्तर परत कोणापर्यंत आलें काय?

चार भिंतींच्या आंत हा प्रश्न उद्भवत नाहीं. जुन्या पंतोजींच्या शाळेंत मुलगा धूळपाटीवर अक्षर काढी. तें वांकडें आलें कीं पंतोजी तें हातानें पुसून टाकीत आणि मुलाचें बोट धरून पुनः काढवून घेत. त्या पद्धतींत दोष पुष्कळ होते, आणि छडीचें स्तोत्र गाण्याचा आमचा मुळींच विचार नाहीं. परंतु एक गोष्ट तींत निर्विवाद होती: शिकविणें आणि शिकलेलें पाहणें या दोन क्रिया एकाच क्षणीं, एकाच दृष्टीखालीं घडत. शिक्षक व विद्यार्थी यांच्यामध्यें अंतर पडलें, कीं या दोन क्रियांची ताटातूट होते. पहिलीसाठीं वाहन शोधून काढणें सोपें. दुसरीसाठीं तें कठीण, आणि महाग.

या अंतरावर पहिला पूल बांधला तो टपालानें. इंग्लंडांत १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसाचें पत्र देशांत कोठेंहि एका पेनींत जाऊं लागलें. आयझॅक पिटमन यानें आपली लघुलेखनाची पद्धति १८३७ मध्यें प्रसिद्ध केली होती; बाथ येथें राहणाऱ्या या खटपटी शिक्षकानें टपालाच्या स्वस्ताईचा तत्काळ उपयोग करून घेतला. विद्यार्थी धडा वाचून त्यावरील लेखन लघुलिपींत करीत व पिटमनकडे पाठवीत; तो तें तपासून, चुका दुरुस्त करून परत धाडी. पुढें विद्यार्थी वाढले, तेव्हां असे धडे हौसेनें तपासून देणाऱ्यांची एक मंडळीच उभी राहिली. येथें वाचकांनीं लक्षांत घ्यावें तें हें, कीं पुस्तकें त्यापूर्वींहि गांवोगांव जात होतीं. पेनी टपालानें नवें केलें तें पुस्तक पोंचविण्याचें काम नव्हे. विद्यार्थ्याचा कागद परत आणण्याचें काम. पत्रद्वारां शिक्षण म्हणून जें पुढें जगभर पसरलें, त्याचा पाया या परतीच्या लिफाफ्यांत होता.

याच शतकांत याच्या अगदीं उलट अशी एक व्यवस्थाहि जन्मास आली. १८५८ मध्यें लंडन विद्यापीठानें आपल्या पदवीपरीक्षा, उमेदवार कोणत्याहि कॉलेजांत शिकलेला नसला तरी, त्याला खुल्या केल्या. येथें उत्तर परत येत होतें, पण धडाच जात नव्हता. विद्यापीठ केवळ पारखीचें काम करी. आमचें मुंबई विद्यापीठ १८५७ मध्यें स्थापन झालें तेंहि लंडनच्याच नमुन्यावर, म्हणजे स्वतः न शिकवितां परीक्षा घेणारें. या व्यवस्थेनें अनेक गरजूंना पदवीचें दार उघडून दिलें, हें तिचें ऋण मान्यच केलें पाहिजे. पण परीक्षेंत आलेलें उत्तर हें निकालासाठीं येतें. चुकलेल्यास त्याची चूक कळावी म्हणून येत नाहीं. शंभरांपैकीं तीस गुण मिळाले एवढेंच ज्यास कळलें, त्याला काय चुकलें तें कळलेंच नाहीं. विसाव्या शतकांत ज्या दूरस्थ संस्था टिकल्या त्यांनीं ही उणीव ओळखली. ब्रिटनचें मुक्त विद्यापीठ १९६९ मध्यें स्थापन होऊन १९७१ पासून शिकवूं लागलें. त्याचा बोलबाला चित्रवाणीवरील व्याख्यानांमुळें झाला, पण त्याचा कणा होता तो विद्यार्थ्यानें घरीं लिहिलेला आणि शिक्षकानें शेरे घालून परत केलेला निबंध. आमच्याकडे नाशिकास १९८९ मध्यें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालें. तें किंवा तशींच इतर विद्यापीठें यांचें मूल्य ठरवितांना नांवनोंदणीचे आंकडे पाहण्यापेक्षां, तपासलेला स्वाध्याय विद्यार्थ्याच्या हातीं किती दिवसांत परत गेला हें पाहणें अधिक न्याय्य होईल.

नभोवाणीची गोष्ट तर या दृष्टीनें फारच बोधप्रद आहे. आवाज क्षणार्धांत शेंकडों कोस जातो. पण परत येण्यास त्याला वाट नसते. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागांत, जेथें एका घरापासून दुसरें घर दिवसाच्या वाटेवर, तेथें वैमानिक वैद्यांच्या सोयीसाठीं आल्फ्रेड ट्रेगर यानें १९२९ च्या सुमारास पायानें चालविण्याचें बिनतारी यंत्र तयार केलें. हें यंत्र ऐकतहि असे आणि बोलतहि असे. पुढें ॲडलेड मीथकी या शिक्षणतज्ज्ञ बाईंच्या मनांत आलें, कीं ज्या यंत्रावरून आजारी माणसासाठीं वैद्याला हांक मारतां येते, त्यावरूनच मुलांना धडा कां देतां येऊं नये? ॲलिस स्प्रिंग्ज येथें ८ जून १९५१ रोजीं ‘आकाशांतील शाळा’ रीतसर सुरू झाली. प्रथम धडे एकाच बाजूनें जात. पण लौकरच प्रत्येक पाठाच्या शेवटीं प्रश्नोत्तरांची वेळ ठेवण्यांत आली. शेंकडों मैलांवरच्या घरांतून मूल बोलूं लागलें, आणि जें व्याख्यान होतें त्याची शाळा झाली.

पण ज्या देशांत घरोघर असें बोलतें यंत्र देणें शक्य नाहीं त्यानें काय करावें? याचें उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न खुद्द आपल्या महाराष्ट्रांत झाला, आणि त्याची आठवण आज फारशी कोणाला उरलेली नाहीं, ही खेदाची गोष्ट आहे. कॅनडांत १९४१ पासून शेतकऱ्यांचीं नभोवाणी-मंडळें चालत असत. त्या धर्तीवर १९५६ च्या आरंभीं आकाशवाणी, त्या वेळचें मुंबई राज्य सरकार आणि युनेस्को यांनीं मिळून पुण्याच्या आसपासच्या ५ मराठी जिल्ह्यांत १५० गांवें निवडलीं. प्रत्येक गांवांत सुमारें २० जणांचें श्रोतृमंडळ करण्यांत आलें. आठवड्यांतून २ वेळां, असे १० आठवडे, एकूण २० कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला म्हणजे मंडळी उठून घरीं जात नसे. ऐकलेल्या गोष्टीवर तेथेंच चर्चा होई. मंडळाचा चालक चर्चेचें सार व उरलेले प्रश्न लिहून पुण्याच्या केंद्राकडे धाडी, आणि त्यांतील प्रश्नांचीं उत्तरें पुढच्या कार्यक्रमांतून दिलीं जात. म्हणजे जाणारी वाट विजेची आणि येणारी वाट टपालाची, अशी ही जोडणी होती.

या प्रयोगाचें परीक्षण मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें केलें व त्याचें नेतृत्व पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाकडे होतें. त्यांनीं एक शहाणपणाची गोष्ट केली. ज्या गांवांत मंडळें होतीं त्यांच्याशीं ताडून पाहण्यासाठीं त्यांनीं अशींहि गांवें घेतलीं, कीं जेथें मंडळ नव्हतें. त्यांतील कांहींत रेडिओ होता, कांहींत तोहि नव्हता. परिणाम असा दिसला, कीं मंडळें असलेल्या गांवांत लोकांचें ज्ञान डोळ्यांत भरण्याइतकें वाढलें; आणि जेथें मंडळ नव्हतें तेथें, रेडिओ असूनहि, ही वाढ नगण्यच राहिली. ज्ञान वाढलें तें पेटीनें नव्हे. पेटीभोंवतीं बसून बोलणाऱ्या, आणि आपलें बोलणें पुण्याला कोणी तरी वाचतें आहे हें ठाऊक असणाऱ्या माणसांनीं. १९५९ पासून हीं मंडळें देशांत इतरत्रहि निघालीं व त्यांची संख्या हजारोंच्या घरांत गेली. शिक्षणांत नवें यंत्र आणूं पाहणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यास पुण्याच्या या प्रयोगाचा वृत्तान्त वाचावयास लावला पाहिजे, असें आम्हांस फार वाटतें.

त्यानंतर अवघ्या वीस वर्षांनीं भारतानें याहून कितीतरी भव्य प्रयोग केला. विक्रम साराभाई यांची ती कल्पना. तिच्यासाठीं अमेरिकेशीं १९६९ मध्यें करार झाला, आणि ती मूर्त स्वरूपांत येण्यापूर्वींच, १९७१ मध्यें, ते निवर्तले. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत, अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून ६ राज्यांतील सुमारें २४०० खेड्यांत थेट चित्रवाणी उतरली. जेथें वर्तमानपत्र पोंचत नव्हतें तेथें जाळीच्या छत्रीसारख्या आकाशकांनीं चित्र खेंचून घेतलें. सकाळीं शाळेंतील मुलांसाठीं आणि संध्याकाळीं सर्व गांवासाठीं कार्यक्रम होत. तांत्रिक दृष्ट्या हा पराक्रमच होता, आणि त्याची फळें पुढें भारताच्या उपग्रहविद्येस भरघोस मिळालीं. प्रयोगाच्या परीक्षणासाठीं संशोधकहि गांवांत जाऊन राहिले. तरीसुद्धां एखाद्या गांवांतील एखाद्या मुलास धड्यांतील एखादी गोष्ट कळली नाहीं, तर तें अहमदाबादेस किंवा दिल्लीस कळविण्याची वाट त्या मुलाच्या हातीं नव्हती. पालथ्या घड्यावर पाणी पडलें, कीं घडा भरला, हें ओतणाऱ्यास त्याच क्षणीं कळण्याची सोय नव्हती. कथा ऐकणें निराळें आणि पाठ म्हणून दाखविणें निराळें. उपग्रहानें पहिलें साधलें. ही उणीव त्या शास्त्रज्ञांनींच पुढें ओळखली, हें त्यांना भूषणावह आहे. १९९६ मध्यें मध्यप्रदेशांतील झाबुआ जिल्ह्यांत त्यांनीं चित्र एका बाजूनें पाठविलें, पण प्रश्न विचारण्यासाठीं तालुक्याच्या ठिकाणीं उलट बोलण्याचीं केंद्रेंहि ठेवलीं. २० सप्टेंबर २००४ रोजीं केवळ शिक्षणासाठीं म्हणून ‘एड्युसॅट’ उपग्रह सोडला, तेव्हांहि दुतर्फा संभाषणाची योजना त्यांत होती.

आतां मोबाईलकडे वळूं. इतिहासाच्या या रांगेंत त्याचें स्थान अपूर्व आहे, तें अशासाठीं कीं जाणारी व येणारी अशा दोन्ही वाटा एका मुठींत मावणाऱ्या वस्तूंत त्यानें प्रथमच आणून ठेवल्या. टपालाचा आठवडा गेला, केंद्रावर जाण्याचा हेलपाटा गेला. मुलानें लिहिलेलें पान फोटोंतून शिक्षकाकडे जावें, व शिक्षकाचा आवाज मुलाच्या कानांत यावा, हें सहज शक्य झालें. भारतांत २०१६ नंतर इंटरनेटचा दर एकदम उतरला आणि ही शक्यता खेड्यांपर्यंत गेली. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंत रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड, म्हणजे ठिपक्यांची चौकोनी खूण, छापून तीमागें ध्वनि, चित्रें व स्वाध्याय जोडले. पुढें ही रीत राज्याच्या पाठ्यपुस्तकांतहि आली, आणि २०२० मध्यें त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांच्या यशाचें वर्णन करतांना लोक खुणेचें वर्णन करतात. पण त्या खुणेमागें जाऊन आलेल्या मुलांना दुसऱ्या दिवशीं विचारणारा शिक्षक त्याच वर्गांत उभा होता, ही गोष्ट वर्णनांतून बहुधा गळते.

साधन दुतर्फा असलें म्हणून त्याचा उपयोग दुतर्फा होतोच असें नाहीं. पेरू देशानें ‘प्रत्येक मुलास एक संगणक’ या योजनेखालीं लाखों लहान संगणक वांटले. ३१९ शाळांची तुलना करून जो अभ्यास २०१२ मध्यें प्रसिद्ध झाला, त्यांत गणित व भाषा या विषयांत मुलांची प्रगति झाल्याचा पुरावा मिळाला नाहीं. मग मार्च २०२० मध्यें महामारीमुळें आपल्याकडील शाळा बंद झाल्या, आणि इच्छा असो वा नसो, सारा देश मोबाईलच्या शाळेंत दाखल झाला. ‘असर’ या पाहणीनुसार ग्रामीण भारतांत शाळेंत नांव असलेल्या मुलांपैकीं ज्यांच्या घरीं स्मार्टफोन होता त्यांचें प्रमाण २०१८ मध्यें शेंकडा ३६.५ होतें, तें २०२० मध्यें ६१.८ झालें. तरी त्या पाहणीच्या आठवड्यांत शाळेकडून कोणत्याहि मार्गानें अभ्यासाचें साहित्य मिळालें होतें अशीं मुलें सुमारें एक तृतीयांशच होतीं. आणि ज्यांना तें मिळालें त्यांच्याकडेहि बहुधा एखादी चित्रफीत, एखादें पान, एखादा दुवा, असें कांहीं तरी *जात* होतें. म्हणजे २०२० सालच्या दुतर्फा यंत्रावर आपण १९७५ सालची एकमार्गी शाळाच भरविली. फरक एवढाच, कीं त्या वेळीं गांवाचा एक संच चावडीवर सर्वांसाठीं होता, आणि आतां ज्याच्या घरीं फोन नाहीं तें मूल कोणाच्या दृष्टीसहि पडेना. पुढें २०२२ च्या पाहणींत, तिसरीच्या ज्या मुलांना दुसरीचें पुस्तक वाचतां येतें त्यांचें प्रमाण २०१८ मधील २७.३ वरून २०.५ वर उतरलेलें आढळलें. या घसरगुंडीचें कारण शाळा बंद राहिल्या हेंच मुख्य. पण पडद्यावरून गेलेल्या धड्यांनीं ती थोपविली नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

त्याच महामारींत आफ्रिकेंतील बोट्स्वाना देशांत एक छोटासा प्रयोग झाला. साडेचार हजार कुटुंबांचा तो होता, आणि त्याला स्मार्टफोनचीहि गरज नव्हती. कांहीं घरीं दर आठवड्यास गणिताचे प्रश्न लेखी संदेशानें पाठविले गेले. कांहीं घरीं त्या संदेशाबरोबर शिक्षकाचा सुमारें २० मिनिटांचा फोनहि गेला. उरलेल्यांना दोन्ही नाहीं. केवळ संदेश मिळालेल्या मुलांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. ज्यांना फोन आला त्यांचें गणित सुधारलें. पुढें भारत, नेपाळ, केनिया, युगांडा व फिलिपाईन्स या ५ देशांतहि हीच रीत फलदायी ठरली. पुण्याच्या श्रोतृमंडळांनीं १९५६ मध्यें जें सिद्ध केलें होतें, तेंच साठ-पांसष्ट वर्षांनंतर दुसऱ्या खंडांत दुसऱ्या यंत्रानें पुनः सिद्ध झालें.

येथवर आलेला वाचक म्हणेल, कीं ही अडचण आतां दूर झाली. कारण नोव्हेंबर २०२२ पासून सर्वांच्या हातीं आलेलें कृत्रिम बुद्धीचें यंत्र मुलास रात्रीं बारा वाजतांहि उत्तर देतें. आक्षेप महत्त्वाचा आहे, व त्याचा विचार नीट केला पाहिजे. येथें एक सूक्ष्म घोटाळा होतो. परतीच्या वाटेवरून यावयाचें तें विद्यार्थ्याचें उत्तर, यंत्राचें नव्हे. तुर्कस्तानांतील सुमारें एक हजार माध्यमिक विद्यार्थ्यांवर गणितासाठीं असा एक प्रयोग झाला. ज्यांना हें यंत्र मुक्तपणें वापरूं दिलें त्यांनीं सरावाचीं उदाहरणें इतरांपेक्षां शेंकडा ४८ नीं चांगलीं सोडविलीं. पण यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हां ज्यांच्याजवळ तें कधींच नव्हतें अशा मुलांपेक्षांहि ते शेंकडा १७ नीं मागें पडले. शिक्षकांच्या सल्ल्यानें ज्या यंत्रास उत्तर न सांगतां केवळ सूचना देण्याचें वळण लावलें होतें, त्यानें ही हानि बहुतांशीं टळली. अर्थ उघड आहे. मुलगा विचारतो व यंत्र सांगतें, ही कोशाची रीत झाली. गुरु विचारतो, मुलगा चांचरत उत्तर देतो, आणि त्या चांचरण्यांत कोठें अडलें आहे तें गुरु ओळखतो, ही शिकविण्याची. यंत्रास ही दुसरी रीत थोडीफार शिकवितां येईल, असें वरील प्रयोगावरून दिसतें, आणि आली तर तिचें स्वागतच करावें. पण तीहि शिकविणारा शिक्षकच लागला, हें विसरूं नये.

खरा अडसर निराळाच आहे. ४० मुलांच्या वर्गांत प्रत्येक मुलास आठवड्यांतून २० मिनिटें फोन करावयाचा म्हटलें, तर ८०० मिनिटें होतात. म्हणजे १३ तासांहून अधिक. हे तास कोणत्याहि वेळापत्रकांत दाखविलेले नसतात. यंत्र एकदां विकत घेतां येतें, त्याचें उद्घाटन करतां येतें, त्याचा आंकडा अहवालांत छापतां येतो. ऐकून घेण्याचा वेळ मात्र दर आठवड्यास नव्यानें द्यावा लागतो, आणि त्याचा समारंभ होत नाहीं. म्हणूनच जाणाऱ्या वाटेवर पैसा सांडतो आणि येणारी वाट प्रत्येक पिढींत एखाद्या पिटमनच्या, एखाद्या गांवच्या मंडळचालकाच्या, एखाद्या मास्तरांच्या पदरमोडीवर चालते. पदरमोडीवर कांहीं शाळा चालतील. देश चालणार नाहीं.

यासाठीं आमची सूचना अगदीं साधी आहे. शिक्षणासाठीं कोणतेंहि नवें साधन घेतांना सरकारनें, विद्यापीठानें किंवा संस्थेनें आपल्या प्रस्तावांत एक रकाना अधिक ठेवावा. किती जणांपर्यंत पोंचेल, हा रकाना आहेच. त्याच्या शेजारीं असें विचारावें, कीं विद्यार्थ्याचें उत्तर कोण पाहणार, किती दिवसांत पाहणार, आणि पाहणाऱ्यास त्यासाठीं आठवड्याचे किती तास दिले आहेत? हा रकाना कोरा राहिला, तर प्रस्ताव तूर्त बाजूस ठेवावा.